पाच पॉइंट नऊ

आमच्या नात्यागोत्यात रक्तातली कुठलीही गोष्ट पॉइंटमध्ये मोजतात. शुगर दोनशे पॉइंट, रक्त नऊ पॉइंट, युरिक ॲसिड आठ पॉइंट. हे पॉइंट कशाचे, असं कुणी विचारत नाही. विचारायची गरजही पडत नाही. आकडा किती आणि मागच्या वेळेपेक्षा वर की खाली, एवढं कळलं की माणसं एक तर सुस्कारा सोडतात नाहीतर पथ्याला लागतात.

मी नांदेडला पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. विष्णुपुरीहून येणाऱ्या पाण्यात क्लोरीन किती, क्षार किती, हे बघायचं आणि लिटरला मिलिग्रॅम या हिशोबात लिहायचं, हे माझं काम. वर्षानुवर्षं तेच करतोय. त्यामुळे आकडा दिसला की माझी नजर आधी त्याच्या मागे जाते. मागे काही लिहिलेलं नसेल तर मला तो आकडा वाचताच येत नाही. ही सवय घरात कुणाला फारशी आवडत नाही. बायको म्हणते, "यांच्यापुढं ताट ठेवलं तर विचारतील, ताटाला किती ग्रॅम?"

पण रिपोर्ट आला की सगळे माझ्याकडेच पाठवतात. काकूचा मुलगा आखाती देशात ड्रायव्हर आहे. तिथल्या तपासणीत त्याचं हिमोग्लोबीन एकशे एकतीस आलं, तेव्हा काकूनं मला फोनवर रडत सांगितलं होतं, "अरे, माणसाला तेरा-चौदा पॉइंट असतंय, याचं एकशे एकतीस झालंय. एवढं रक्त मावंल कुठं?" तिकडे ते एका लिटरमधलं मोजतात, आपल्याकडे शंभर मिलिलिटरमधलं, दहानं भाग दे, तेरा पॉइंट एक, पोरगा ठणठणीत आहे, असं मी सांगितलं. काकू हसली आणि मला भरभरून आशीर्वाद दिला. दहानं भागायचं असतं तेव्हा सगळं सोपं असतं.

अक्काचं तसं झालं नाही.

अक्का माझी थोरली बहीण, लातूरला असते. लातूरला बारावीच्या आणि मेडिकलच्या शिकवण्यांसाठी चहूकडून मुलं येतात आणि खोल्या घेऊन राहतात. त्या मुलांसाठी अक्का मेस चालवते. भाऊजींचं कापडदुकान बसलं त्या वर्षी तिनं शेजारच्या दोन मुलींना डबे द्यायला सुरुवात केली आणि बघता बघता तिच्या ओट्यावर डब्यांची उतरंड लागायला लागली. पहाटे उठून ती जी उभी राहायची ती दुपारीच टेकायची. गुडघे त्यातच गेले. उजवा इतका गेला की हाडाला हाड घासतंय असं डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून आम्हाला दाखवलं. सांधा बदलायचं ऑपरेशन नांदेडला करायचं ठरलं, कारण आमचं घर तळमजल्यावर आहे आणि दवाखान्यापासून जवळ आहे.

ऑपरेशन नीट झालं. टाके काढायच्या वेळी मात्र जखमेच्या खालच्या टोकातून थोडं पाणी झिरपत होतं. डॉक्टरांनी रक्ताची सीआरपी नावाची तपासणी सांगितली. शरीरात कुठं सूज असली किंवा जंतू शिरला की हा पदार्थ रक्तात वाढतो. नांदेडच्या लॅबमध्ये तो आकडा अठ्ठेचाळीस आला. लिटरला अठ्ठेचाळीस मिलिग्रॅम. डॉक्टर म्हणाले, नुकतं ऑपरेशन झालंय, एवढं असू शकतं. औषधं चालू ठेवा, लातूरला गेल्यावर परत तपासा. आकडा उतरला तर ठरलेल्या तारखेला निवांत या. उतरला नाही तर तारखेची वाट बघू नका, लगेच या. नव्या सांध्यात जंतू बसला तर तो गोळ्यांना दाद देत नाही. लवकर सापडला तर सांधा उघडून धुता येतो. उशीर झाला तर बसवलेला सांधाच काढावा लागतो.

हे सगळं अक्कानं ऐकलं होतं, भाऊजींनी ऐकलं होतं, मीही ऐकलं होतं. त्यातलं "आकडा उतरला पाहिजे" एवढंच त्या दोघांनी लातूरला नेलं.

तिकडून पुढचा रिपोर्ट आला तो फोटो होऊन, आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. कागदाचा मधलाच भाग होता. वर अक्कानं बोलून संदेश टाकला होता : "अठ्ठेचाळीस पॉइंटचं पाच पॉइंट नऊवर आलं बरं का. देवाची कृपा. सोमवारपासून मेस चालू करून राहिले." खाली हात जोडलेल्यांची आणि फुलांची रांग. काकूनं लिहिलं होतं, "आता पळायला लाग."

मी ऑफिसात होतो. फोटो मोठा करून बघितला. ५.९ च्या पुढे बारीक अक्षरात एकक होतं, मिलिग्रॅम आणि मग तिरपी रेघ. रेघेनंतरचा मोठा एल मी सवयीनं वाचला. त्याच्या अलीकडे एक लहानसा डी होता, तो पुन्हा बघितल्यावर दिसला.

डेसिलिटर. लिटरचा दहावा हिस्सा. चहाचा एक कप म्हणा. नांदेडच्या लॅबनं अख्ख्या लिटरमध्ये अठ्ठेचाळीस मिलिग्रॅम सांगितले होते, लातूरच्या लॅबनं एका कपात पाच पॉइंट नऊ. लिटरमध्ये असे दहा कप. म्हणजे एकोणसाठ. आकडा उतरला नव्हता, चढला होता. चूक दोन्हीकडे नव्हती, दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर होते. फक्त आमच्या पॉइंटला लिटर आणि डेसिलिटर हा फरक ठाऊक नव्हता.

मला आधी भीती वाटायला हवी होती. आधी आला तो कंटाळा. परत मीच. परत मलाच फोन करून सांगायचं की तुमचा आनंद दहापटीनं चुकलाय.

खात्री करायला मी लातूरच्या त्या लॅबला फोन लावला. एका मुलीनं उचलला.

"मॅडम, तुमच्याकडे सीआरपी कशात देता? लिटरमध्ये की डेसिलिटरमध्ये?"

"डेसिलिटर सर. आमच्या मशीनला तेच येतंय."

"नॉर्मल किती धरता?"

"झिरो पॉइंट पाचच्या आत पाहिजे. रिपोर्टवर बाजूलाच लिहिलेलं असतंय की सर." मग जरा थांबून ती म्हणाली, "तुम्हाला काही त्रास होऊन राहिलाय का?"

मी नाही म्हणालो.

घरी बायकोला सांगितलं तर तिनं भाजी निवडता निवडता मान वर केली. "फोनवर सांगू नका. अक्का फोनवर ऐकणार न्हाईत. म्हणतील, बरं बरं, आणि सोमवारी पीठ मळायला घेतील. जाऊन या."

"डॉक्टरांना आधी विचारू?"

"विचारा. पण जाऊन या."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या माणसानं निरोप दिला की पेशंटला उद्याच आणा, दोन्ही कागद घेऊन या. दुपारच्या एसटीनं मी निघालो. लोहा गेलं, अहमदपूर आलं. गाडी स्टँडवर बराच वेळ उभी होती. शेजारच्या माणसानं केळी दिली, ती मी खाल्ली. मी मनात वाक्यं जुळवत होतो. अक्काला डेसिलिटर सांगून चालणार नव्हतं, हे मला माहीत होतं. साखरेचं सांगावं की मिठाचं, एवढाच प्रश्न होता. चाकूरपर्यंत मी मिठावर आलो.

तिच्या दारात पोचलो तेव्हा मोठी पातेली घासून अंगणात उपडी घातली होती. देवणीकडचे एक गृहस्थ मुलीचा डबा ठरवायला आले होते आणि अक्का चौकटीला धरून त्यांना समजावत होती. "पोरीला तिखट चालत नसंल तर तसं सांगा. मी वेगळं काढून ठेवते. आजारपणात खिचडी, त्याचं वेगळं काही न्हाई." उभी होती ती डाव्या पायावर. उजव्याचा नुसता अंगठा जमिनीला लागला होता.

मला बघून तिचा चेहरा फुलला. "अरे! फोन न्हाई, काही न्हाई! ये, ये. धपाटे टाकते."

"नको अक्का, बस तू आधी."

"बसते रे. बसून बसून तर पाय आखडला."

भाऊजी आतून आले. "काय पाव्हणं, आज नळाला सुट्टी? का लातूरचं पाणी बी तपासायचं हाय?"

"तेच समजा," मी म्हणालो.

ते गृहस्थ गेले. अक्का धपाटे टाकायचं म्हणत आत वळली, तिला मी हाताला धरून खाटेवर बसवलं. भाऊजींना रिपोर्टचा कागद मागितला. त्यांनी तो देव्हाऱ्यातून आणला, कोपऱ्याला कुंकू लागलं होतं. अख्खा कागद मी पहिल्यांदा बघितला. ५.९ जाड ठशात होता. बाजूला नेहमीच्या ठशात, अर्ध्याच्या आत असावं, असं छापलं होतं.

"भाऊजी, हा आकडा जाड का आहे, माहीत आहे?"

"मुख्य आकडा हाय म्हणून."

"नाही. बिघडला असला की जाड छापतात."

भाऊजींनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "असं कसं? अठ्ठेचाळीस मोठं का पाच मोठं?"

मी मिठाचं सुरू केलं. म्हणालो, अक्का, समज एका पेल्यात तू चिमटीभर मीठ टाकलंस. तेवढ्याच खारटपणाचं पाणी कळशीभर करायचं तर...

"तर कळशीला जास्ती लागंल," ती म्हणाली. "हे तू मला सांगून राहिलास?"

"तेच. नांदेडवाल्यानं कळशीतलं मीठ सांगितलं. या लॅबनं पेल्यातलं सांगितलं. दोन्ही रक्त तुझंच आहे. पेल्याची कळशी केली तर पाच पॉइंट नऊचे एकोणसाठ होतात."

तिला समजायला क्षणही लागला नाही. शंभर माणसांच्या आमटीचं मीठ अंदाजानं टाकणारी बाई ती. तिला समजलं हे तिच्या तोंडावर दिसलं, आणि लगेच ते तोंड बंद झालं.

भाऊजींना मात्र ते सोडवेना. "मग पॉइंट म्हणजे काय मग? ह्या लॅबचा पॉइंट मोठा आणि त्या लॅबचा बारीक? सरकारनं एकच करायला पाहिजे का न्हाई? शेर-मापट्याचं राज्य हाय का आजून?"

"दोन्ही चालतात भाऊजी. कागदावर लिहिलेलं असतं."

"आम्हाला काय कळतंय त्यातलं! शेजारच्या पोरानं फोटो काढला, आकडा दिसला, बास. अठ्ठेचाळीस दिसलं होतं, पाच दिसलं. लहान पोराला विचारलं तरी सांगंल, उतरलं म्हणून." आवाज चढत गेला तसे ते माझ्यावरच उखडले. "आणि तुम्ही तरी ग्रुपवर का न्हाई लिहिलं? दिवसभर हात जोडून राहिले लोक."

ग्रुपवर मला लिहायचं नव्हतं. तिला ते पंचवीस जणांच्या देखत कळू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

"अक्का, पाय गरम लागतो का?" मी विचारलं.

ती खिडकीकडे बघत म्हणाली, "चुलीपाशी उभं राहिलं तर कुणाचाबी लागंल."

"मेस सोमवारपासून आहे ना?"

"चार पोरी जुन्या हायत. त्यांना काय उपाशी ठेवू? त्यांचा डबा लावलाय कालपासून."

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग डाव्या गुडघ्यावर ठेवला. उजवा स्पष्ट गरम होता. जखमेच्या खालच्या टोकाशी रुमाल बांधला होता, तो पातळाखाली कुणाला दिसत नव्हता. मी रुमालाला हात लावला तशी तिनं माझा हात बाजूला केला.

"जरासं पाणी येतंय. तुला काऊन सांगू? आकडा उतरला होता न्हाई का. आकडा उतरला म्हणजे पायाचं पाय बघून घेईल, असं वाटलं मला."

"उद्या नांदेडला जायचंय. डॉक्टरांशी बोलणं झालंय."

"आणि ह्या पोरी? ती देवणीची पोरगी उद्या येणार हाय."

"दुसरीकडे लावू डबा त्यांचा."

"दुसरीकडं लावू." तिनं माझे शब्द जसेच्या तसे म्हटले आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू सांध्यात जंतू मीच घेऊन आलो होतो. "तुला दुसऱ्याचं बरं चाललेलं बघवतच न्हाई का रे? लहानपणापास्नं असाच हायस. शेंगा वाटल्या तर मोजत बसायचा. आपल्याला कमी आल्या तरी मोजायचा, जास्ती आल्या तरी मोजायचा."

भाऊजी म्हणाले, "अगं, ते तुझ्यासाठीच..."

"तुम्ही गप बसा. तुम्हीच कागदाला कुंकू लावलं."

भाऊजी बाहेर जाऊन ती उपडी घातलेली पातेली एकेक करून आत आणायला लागले. त्यांना तसं करताना मी आधी कधी बघितलं नव्हतं.

सकाळी गाडी करून आम्ही तिला नांदेडला आणलं. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, मला काही बोलू न देता "एकोणसाठ" म्हणाले आणि गुडघ्यातून सुईनं पाणी काढलं. ते गढूळ होतं. तपासायला पाठवलं. काय निघणार हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्याच आठवड्यात सांधा उघडून धुतला, आतला प्लास्टिकचा तुकडा बदलला, धातूचा भाग तसाच ठेवला. तो टिकेल असं ते म्हणाले नाहीत. "टिकायची शक्यता आहे," म्हणाले. पुढं मेस चालली असती, महिनाभर उभं राहणं झालं असतं, तर हेही म्हणता आलं नसतं. हे वाक्य मी अक्काला सांगितलं नाही. भाऊजींनी सांगितलं.

आता ती आमच्याकडे आहे. हाताच्या शिरेत सकाळ-संध्याकाळ औषध जातं. मेसच्या मुली तिच्या गल्लीतल्या एका बाईकडे जेवतात. देवणीच्या त्या मुलीची आई अक्काला फोन करते, की तिथली भाजी तिखट असते, तुम्ही कधी सुरू करणार? अक्का तिला काही ठरलेलं सांगत नाही. या वर्षी मेस होणार नाही हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. तिनं ते अजून तोंडानं म्हटलेलं नाही.

सीआरपी दर आठवड्याला बघतो. एकाच लॅबमध्ये, म्हणजे भागाकार-गुणाकार काही नाही. एकोणसाठचे धुतल्यावर आधी वाढले, तसे वाढतातच, मग चाळीस झाले, मग सव्वीस. उतरतंय. मी रिपोर्ट आणून तिला दाखवतो, ती चष्मा न लावता बघितल्यासारखं करते आणि परत देते.

परवा संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा ती ओसरीवर पाय स्टुलावर ठेवून लसूण सोलत बसली होती. माझी बायको आत होती. मी शेजारी खुर्चीत बसलो. पाण्याच्या टाकीवर दिवसभर चढ-उतार झाला होता, डोळे मिटत होते.

"सव्वीस झालंय," मी म्हणालो.

"सांगितलंस की सकाळी."

लसणाची सालं वाऱ्यानं माझ्या पायाशी आली.

"एक सांगू?" मग ती म्हणाली. "ते पाच पॉइंट नऊ आलं होतं ना, तू येईपर्यंतचे ते दोन दिवस लई बरे गेले रे. पाय दुखत होता, पाणी येत होतं, सगळं होतं. पण मी सकाळी उठायची आणि मला बरं झाल्यासारखं वाटायचं. भांडी काढली, मसाला कुटून आणला. ह्यांच्याशी हसून बोलले. आता हे सव्वीस खरं हाय, उतरलेलं हाय, आणि मला काहीच वाटत न्हाई."

मी तिच्या पुढ्यातल्या सुपातला अर्धा लसूण माझ्याकडे ओढला आणि सोलायला लागलो.

"पाकळ्या मोजू नकोस," ती म्हणाली.